नळाला बांधलेला साबण

१९८६ सालचा मे महिना. सरकारी दवाखान्याच्या नर्स क्वार्टरमध्ये यमुना गायधनी दुपारची जरा आडवी झाली आहे. उशाशी कोरा कागद. संध्याकाळच्या आत त्यावर माफी लिहून द्यायची, नाहीतर बदली. गुन्हा एवढाच, की गळू फोडून तसेच बाळंतिणीकडे वळलेल्या डॉक्टर नाडगौडांना ती सगळ्यांदेखत म्हणाली, "सर, आधी हात." बाकीच्या सिस्टर तेव्हा खाली बघत राहिल्या. आता तिच्याशी बोलत नाहीत.

पंखा घरघरतो, पापणी जड होते आणि खाटेच्या कडेला मेट्रन साळवेबाई बसलेल्या असतात. त्या वारल्याचं यमुनेला ठाऊक आहे, पण तोंडावर कसं म्हणायचं?

"झोपलीस काय गं? ड्यूटी कोण करणार, तुझी सासू?"

"बाई, माफी मागू?"

भिंत सरते, वॉर्ड लागतो. बेसिनवर वासाचा साबण, इस्त्रीचा नॅपकिन. नाडगौडासाहेबांच्या राउंडपुरते मांडायचे, मग कपाटात कुलूपबंद. देव्हाऱ्यासारखं ते, कुणी हात लावत नाही, साहेबसुद्धा नाही. बेसिनाखाली यमुनेच्या माहेरची विहीर आहे. काठावर साळवेबाई लाल साबणाला भोक पाडून बँडेजची पट्टी ओवताहेत, जिवंतपणी ओवायच्या तशीच.

"नळाला बांधला की कपाटात जात नाही."

"तुमच्यामागे काढून टाकला त्यांनी."

"टाकणारच. येताजाता डोळ्यांत खुपतो ना. हात पुढे कर."

साळवेबाई ती पट्टी यमुनेच्या मनगटाला गच्च आवळतात.

"दुखतंय, बाई."

"दुखू दे. नाडगौडांनी धुतले का हात?"

"धुतले. चिडून."

"चिडून धुतले तरी स्वच्छच होतात. मग माफी कसली?"

यमुना जागी होते. मनगटावर पट्टीचा लालसर वळ, विणीसकट.

कोऱ्या कागदात लाल साबण गुंडाळून ती वॉर्डात गेली आणि साहेबांच्याच नळाला तो बांधून आली.

बदली झालीच. नव्या दवाखान्यात रुजू झाली त्या दिवशी तिथल्या नळालाही साबण लटकला. जुन्या दवाखान्यातली ती बाळंतीण ताप न येता लेकीला घेऊन घरी गेली. तिथल्या खाली बघणाऱ्या सिस्टरपैकी मंगल दुधाळ, कुणी साबण काढला की मुकाट्याने दुसरा बांधायची, निवृत्त होईपर्यंत. नाडगौडा सिव्हिल सर्जन झाले. हात धुताना कपाळावर आठी असायची, पण धुवायचे.

साळवेबाई पुन्हा स्वप्नात आल्या नाहीत. यमुनेने त्यांना यायला कारणच ठेवलं नाही.