सत्यशीलाबाईंनी मागवलेले अहवाल

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या पुढे ओढ्याकाठी चौदा घरांची एक वस्ती आहे. सत्यशीलाबाई तिथल्या अंगणवाडी सेविका. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून त्या माहेरीच आईजवळ, दगडाबाईंजवळ, राहिल्या. धाकट्या भावाला, सहादेवला, कॉलेज करता यावं म्हणून त्यांनी स्वतःची बारावी सोडली होती. तो बीएस्सी झाला, श्रीरामपुरात राहू लागला आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत लागला.

२०१९च्या उन्हाळ्यात वस्तीच्या विहिरीला थिनरसारखा वास यायला लागला. कुणीतरी बाईंना सांगितलं, की काय किती बाहेर सोडलं याचा अहवाल कारखान्याला दरवर्षी सरकारला द्यावा लागतो. बाईंनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. तीन महिन्यांनी कागद आले. टोल्युइन, म्हणजे थिनरमध्ये असतं ते द्रव्य, वर्षभरात एकोणीस टन हवेत आणि सांडपाण्यात गेलं होतं.

पुढच्या वर्षी चौदा टन. मग दहा. मग सहा. कागदावर सगळं सुधारत होतं, वास मात्र वाढत होता. बाईंनी एकदा चारही अहवाल चटईवर शेजारी शेजारी मांडले, तेव्हा त्यांना दिसलं, की टोल्युइनची खरेदी दरवर्षी वाढत गेली होती. जास्त आणलं आणि कमी सोडलं, मग उरलेलं गेलं कुठं? त्यांनी प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात तक्रार केली. उत्तर आलं, ‘आकडे मर्यादेत आहेत.’

सहादेवला विचारलं, तर तो म्हणाला, “ताई, अहवाल पुण्याची मानसं करत्यात. मला त्यातलं काय ठावं न्हाई.” बाईंनी विश्वास ठेवला.

पाचव्या वर्षी अर्जात त्यांनी तपासणीचे मूळ कागदही मागितले. प्रत्येक पानाखाली सही होती. वाचायची गरजच नव्हती. त्या हाताला पाटीवर अक्षरं त्यांनीच गिरवायला लावली होती.

रविवारी सहादेव नेहमीसारखा आईसाठी पाण्याचे दोन जार घेऊन आला. बाईंनी कागद पुढं धरला.

“ही सही तुझी हाय ना?”

त्यानं जार खाली ठेवले. मग म्हणाला, “प्लांट बंद असंल त्या दिवशीच साहेब नमुना घ्यायला लावायचे, त्याच्यावरनं वर्साचा हिशेब. ताई, आकडा खोटा न्हाई. दिवस खोटा हाय.”

“कवापासनं?”

“पहिल्यापासनं.”

बाईंनी जारकडं पाहिलं. “म्हनून आईला पानी आनत हुतास व्हय? वस्तीत चौदा घरं हायेत, सहादेव.”

आत पडलेल्या दगडाबाई म्हणाल्या, “मी कुठं पिते रे ते? शेजारची पूजा दोन जीवांची हाय, तिला पाठवते. मला आपल्या हिरीचंच गोड लागतं.”

सहादेव उंबऱ्यावरच खाली बसला.

दगडाबाईंची किडनी त्याआधीच बिघडली होती. त्या फाल्गुनात गेल्या. पाण्यानं की आणखी कशानं, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. ते न कळणंच बाईंना सर्वांत जड गेलं. भावावर रागवायचं तरी किती, याचाही अंदाज येईना.

तेराव्याला सहादेवनं एक वही आणून ठेवली. पाच वर्षांतले नमुन्यांचे दिवस आणि प्लांट बंद असल्याचे दिवस त्यात लिहिले होते, खाली त्याचं पूर्ण नाव.

“नाव खोडू का?” बाईंनी विचारलं.

“राहू दे.”

वही बाईंनीच मंडळाच्या कार्यालयात नेऊन दिली. काय होणार, हे त्यांना माहीत होतं. महिनाभरात सहादेवची नोकरी गेली. आसपास कुणी घेईना, म्हणून तो बायकोला घेऊन चाकणला गेला. मंडळाचे अधिकारी आले, प्लांट चालू असलेल्या दिवशी नमुने घेतले. कारखाना सहा आठवडे बंद राहिला आणि पुन्हा सुरू झाला. वस्तीला आता टँकर येतो.

बाईंनी सहावा अर्ज टाकलाच. या वेळी आकडा निघाला सत्तावीस टन. पहिल्यांदा खरा. तो पाहून त्यांना जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. रिकाम्या घरात कागद हातात घेऊन त्या बसून राहिल्या. मग कित्येक महिन्यांनी त्यांनी भावाला फोन लावला आणि आकडा वाचून दाखवला.

त्यानं तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

“बरोबर हाय, ताई,” सहादेव म्हणाला.