रकान्यातलं नाव

"एका सहीनं काय जाते तुहं?" रुपरावांनी ताट पुढं ढकललं. "अठरा वर्षं ज्यांच्या दवाखान्यात काढली, त्यांच्या कागदावर भरोसा नाही तुले?"

"मले वाचता येत नाही तो कागद," वच्छला म्हणाली. "समजल्याबिगर सही नाही करत मी."

"आई, मॅडम म्हणून राहिल्या ना, फॉर्म्यालिटी आहे," सुशील म्हणाला. "उद्या अकराले द्यायचा आहे. आता काय इंग्लिशचा क्लास लावते का?"

"लावीन."

बापलेक हसले. वच्छला घडी केलेली चादर झटकून पुन्हा घडी करायला लागली. सकाळपासून तिनं त्याच चादरीची तीनदा घडी घातली होती.

महाल भागातल्या त्या आठ खाटांच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात ती फरशी पुसायला लागली होती. मग आया झाली. डॉक्टर मॅडमनी तिचा हात तयार केला: कळा मोजायच्या कशा, डोकं दिसलं की तळवा कुठं ठेवायचा. पुढं पुढं मॅडम टाके घालायला आणि सही करायलाच वर येत. गल्लीतल्या बाया पोरांना तिच्या पाया पडायला लावत, "ह्या मावशीनं तुले जगात आणलं." वच्छलाला ते आवडायचं. बारशाला गेली की पाळण्याजवळची जागा तिची. "माह्या हातानं चारशेवर झाली," असं ती आपणहून सांगायची.

तीन आठवड्यांपूर्वी दुपारी खुशी नावाची पहिलटकरीण आली. मूल मोठं होतं. मॅडम एका साखरपुड्याला गेल्या होत्या. वच्छलानं तीनदा फोन केला. "तुला येतं सगळं, कर सुरू, मी निघतेच," मॅडम तिन्ही वेळा म्हणाल्या. डोकं आलं आणि खांदा अडकला. वच्छलानं ओढलं. मूल रडलं, आईही बरी राहिली, पण मुलाचा उजवा हात वर होत नाही. घरच्यांनी तक्रार केली, चौकशी लागली, आणि मॅडमनी तिच्या नावानं इंग्रजीत टाइप केलेला एका पानाचा जबाब सहीसाठी हातात दिला.

तेव्हापासून फळीवरचा डबा काढताना वच्छला मध्येच थांबायची आणि आपला वर गेलेला हात पाहत राहायची.

पुरुष कामाला गेल्यावर ती सुनेजवळ जाऊन बसली. भूमिकाला सातवा महिना होता. बाळंतपणासाठी तिचं नाव मॅडमकडेच घातलेलं.

"वाच वं. एकेक शब्द."

भूमिकानं वाचलं. तारीख, वेळ, खुशीचं नाव. मग एका शब्दापाशी अडखळली. "आई, इथं लिहिलं आहे की ही डिलिव्हरी तुम्ही कंडक्ट केली."

"म्हणजे?"

"म्हणजे... पार पाडली."

"मदत केली, असं नाही?"

"त्याला वेगळा शब्द आहे, असिस्ट. तो नाही लिहिला."

"मी सैपाक करतो, तिथं चालते का हा कंडक्ट?"

"नाही चालत. परीक्षा कंडक्ट करतात, मीटिंग कंडक्ट करतात."

"परीक्षेत पेपर वाटते, तो कंडक्ट करते?"

"तो नाही. ज्याच्या हुकमानं परीक्षा होते, तो. काही गडबड झाली तर त्याला विचारतात."

वच्छलानं शब्दावर बोट ठेवलं. सुरुवातीचं गोल अक्षर, शेवटाकडं दोन उभी. "हा शब्द मी पाहिला आहे," ती म्हणाली. "रोज पाहतो मी याले."

दुपारच्या ड्यूटीला गेल्यावर तिनं डिलिव्हरीचं रजिस्टर काढलं. रोज तेच उघडून ती मॅडमपुढं सहीला ठेवायची. शेवटून दुसऱ्या रकान्याच्या डोक्यावर तोच शब्द छापलेला होता आणि खाली पानोपान मराठीत मॅडमचं नाव. पाडव्याच्या दिवशीचं जुळं, मॅडमचं नाव. जिन्यातच झालेली पोरगी, तेव्हा मॅडम पुण्यात होत्या, तरी मॅडमचंच नाव. मग खुशीची ओळ. तिथं मॅडमच्याच अक्षरात होतं, वच्छला रुपराव. या दवाखान्यात तिला मावशीखेरीज कुणी काही म्हणत नसे. पूर्ण नाव पहिल्यांदाच लिहिलं होतं.

"कागद आणला का, मावशी?" मागून मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ह्या रकान्यात सदा तुमचं नाव राहते. ह्याच खेपेले माहं काहून?"

मॅडमनी रजिस्टर मिटलं. "तूच केलीस ना? सगळ्या गल्लीला तर सांगत फिरतेस, माझ्या हातानं चारशे झाली म्हणून. मग ही एक कुणाची?"

ते खरंच होतं. मूल तिनंच ओढलं होतं.

"भूमिकाचं आपल्याला इथंच करायचं आहे," मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या. "मी स्वतः उभी राहीन. उद्या अकराच्या आत आण."

परत येताना ती नेहमीची गल्ली चुकली. खुशीच्या घराकडं वळली, कोपऱ्यावर थांबली, परतली. पुन्हा वळली. दारात खुशीची सासू मुलाला मांडीवर घेऊन तेल लावत होती. डावा हात हवेत नाचत होता. वच्छला पुढं गेली नाही.

संध्याकाळी घरी सगळे होते.

"झाली का सही?" रुपरावांनी विचारलं.

"नाही."

"अवं पण खोटं काय आहे त्याच्यात? तूच म्हणते ना, म्या केली म्हणून?"

"केलीच. ते मी सांगीन." ती उभीच होती. "पण तीन फोन केले, तेही सांगीन. ह्याच्या आधीच्या चारशे कोणी केल्या अन् नाव कोणाचं लागलं, तेही."

"म्हणजे काम गेलं!"

"अन् भूमिकाचं?" सुशील उठून उभा राहिला. "दोन महिने राहिले, आई. आता कोण पाहीन तिले?"

भूमिका सासूकडं पाहत राहिली.

"उद्या मी त्या कागदावर सही करणार नाही," वच्छला म्हणाली. "माहा जबाब मी मराठीत, माह्या हातानं लिहून चौकशीवाल्यांना देणार. दवाखान्यात आता जाणार नाही. अन् सोमवारी भूमिकाचं नाव सरकारी दवाखान्यात घालायचं आहे. सुशील, नऊले गाडी काढून ठेव."