शनीच्या नजरेसमोर

"दमानं बघा, कुठं पळून चाललाय का तो?" दुर्बिणीपाशी घाई करणाऱ्याला सर हटकून सुनवायचे. तुम्ही कधी दुर्बिणीला डोळा लावला असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे, चंद्र तेवढ्यात पळालेला असतो! मग सरच पुटपुटत नळी सरकवून त्याला परत धरायचे.

घोडेगावात आमची घरं शेजारी. सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, मी मराठी. त्यांच्या अंगणात सगळ्या आळीनं चंद्रावरचे खड्डे पाहिले. शनीचं नाव काढलं की मात्र निम्मी आळी घरी पळायची. शिंगणापूर जवळच. तिथं आम्ही शनिदेवाच्या नजरेसमोर उभं राहत नाही, जरा बाजूला सरून हात जोडतो. सर हसायचे. "वायूचा गोळा हाय तो, बाई. त्याला तुमचं नाव तरी ठाऊक हाय का?"

एकाहत्तर साली दिवाळीनंतर त्यांचा फौजेतला मुलगा रजेवर आला होता. जेवणं उरकल्यावर सरांनी शनी लावला आणि पहिला मान मुलाला दिला.

"आप्पा, खरंच कडं हाय की हो!"

सर वाकणार तोच ढग आला. दुसऱ्या दिवशी तार आली, रजा रद्द. मुलगा गेला आणि लढाई पेटली.

सरांनी दुर्बीण गोधडीत गुंडाळून ठेवली. एका शनिवारी ते तेलाची बाटली घेऊन शिंगणापूरच्या वाटेला लागलेले दिसले. हाच माणूस भ्यायला, तर आमचं काय? लढाई थांबल्याचं रेडिओनं सांगितलं, तरी पोराची खबर नाही. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की सर घरात शिरायचे, तो पुढं गेला की बाहेर यायचे. काही विचारायचीसुद्धा मला भीती वाटायची.

एका संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक आली. "बाई, जरा कंदील धरता का?"

अंगणात दुर्बीण उभी होती, तोंड पूर्वेला.

"शनी?" मी विचारलं.

"पोरानं एकट्यानं बघितला. मी राहिलो. जे काय व्हायचं ते माझं होऊ दे."

"सर, वायूचा गोळा आहे ना तो?"

"व्हय, गोळाच हाय," म्हणत ते वाकले. शनी सरकला की ते लगेच नळी सरकवायचे, त्याला सुटू देत नव्हते. "पळू नको. हिकडं बघ, माझ्याकडं." मी कंदील धरूनच जरा बाजूला सरले.

मुलगा धडधाकट परतला. सर पुढच्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेले. आळी काय म्हणाली, ते सांगायला नको. मुलाशी मी त्या संध्याकाळबद्दल कधीच बोलले नाही. तो आता अंगणात दुर्बीण लावतो, "बाई, या, शनी लागलाय," म्हणून बोलावतो. मी जाते, पण नळीला डोळा लावायचा धीर होत नाही. जरा बाजूला सरून हात जोडते, ते सरांना.