खालच्या ताटातली मेणबत्ती

बेलग्रेड बघून आलो म्हटल्यावर तामलवाडीत लोक विचारतात, काय काय बघितलं? मी किल्ला सांगतो, नद्या सांगतो. एक गोष्ट सांगत नाही.

मुलगा तिथं नोकरीला आहे. "अप्पा, एकदा या," असं तो फोनवर म्हणायचा, आणि इथं कमरेचं हाड मोडल्यापासून आई अंथरुणात. तिला उठवणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, सगळं मी आणि बायको करत आलो. यंदा बहीण येऊन राहिली आणि मी निघालो. लोकांना वाटलं, पोराच्या ओढीनं गेला. खरं म्हणजे मला झोप हवी होती. तिथं पहिल्या रात्री कुणी हाक मारली नाही. सकाळी आईची आठवण यायच्या आधी मला बरं वाटलं. ते बरं वाटणं दिवसभर टोचत राहिलं.

मुलानं शहर दाखवलं. सावा आणि डॅन्यूब या नद्या मिळतात तिथं टेकडीवर किल्ला आहे. तुर्क आले, ऑस्ट्रियावाले आले, ज्यानं जिंकला त्यानं आपली भिंत जोडली. खंदक, बुरूज, तोफा आपल्या परंड्याच्या किल्ल्यासारख्याच; पण तिथल्या खंदकात पोरं टेनिस खेळत होती आणि बागेत म्हातारे बुद्धिबळाचा पट मांडून बसले होते. मी सगळ्याला छान म्हणत होतो आणि बसायला बाक शोधत होतो. बसायला मिळालं की थकवा जास्तच वर येत होता.

किल्ल्याच्या तटाला लागून, वेलींनी झाकलेलं एक लहान चर्च आहे. आतली झुंबरं बंदुकीच्या काडतुसांची. लढाईवरून परतलेल्या शिपायांनी बनवली, असं मुलानं सांगितलं. दाराशी पातळ पिवळ्या मेणबत्त्या होत्या. आईच्या नावानं एक लावावी वाटलं. लावायला वाळूची दोन ताटं होती, एक छातीएवढ्या उंचीवर, एक खाली पायाशी. आपल्याकडं दिवा देवाच्या पायाशी ठेवतात. वर लावणं मला उद्धटपणाचं वाटलं. वाकून खालच्या ताटात लावली आणि हात जोडले.

मुलगा तोवर ताटांजवळची पाटी वाचत होता.

"अप्पा, कुणासाठी लावली?"

"आज्जीसाठी."

"खालचं ताट मेलेल्यांसाठी असतं. जित्यांसाठी वरचं."

"मग काढ ती."

"कोणती तुमची?"

मला सांगता येईना. सगळ्या सारख्याच जळत होत्या. मग दुसरी घेऊन वरच्या ताटात लावली.

"आता आज्जीच्या दोन झाल्या," मुलगा हसत म्हणाला. "गोंधळंल तो देव."

मला हसू आलं नाही. गेले कित्येक महिने आईची कूस बदलताना माझ्या मनात येत होतं, सुटावं आता. तिनं का मी, ते मी मनातसुद्धा नीट बोललो नव्हतो. हातानं मात्र बरोबर जागा शोधली, असं वाटलं.

संध्याकाळी फोन केला तर बहीण म्हणाली, "बरी हाय की. लई बोलती, कान खाल्ले माझे." त्यानंतरही मुलानं चर्चं दाखवली, संग्रहालयं दाखवली. त्यातलं फारसं आठवत नाही.

परत आल्यावर बहीण तिच्या गावी गेली. दुपारी आईच्या पाठीला पावडर लावताना मी ताटांचं सांगून टाकलं.

"वर कोण असतंय मग?" आईनं विचारलं.

"जिते."

"मग खालीच बरी. वर चढायला माझं गुडघं कुठं हायत?"

मी पावडरीचा डबा हातात धरून बसलो.

"तितं झोप लागली का तुला?"

"लागली."

"व्हय, तोंडावर दिसतंय."

मग मी बोललो. "आई, कधी कधी वाटतं, संपावं हे."

ती भिंतीकडं तोंड करून होती.

"मला बी वाटतंय," ती म्हणाली. "आधी कूस नीट कर. हात आखडलाय."

मी तिच्या कमरेखाली हात घातला. मी गेलो तेव्हापेक्षा ती हलकी झाली होती.