केनियाचा कळवळा

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या आमच्या मराठी मंडळात दिवाळीचा फराळ मिळण्याआधी डॉक्टरांच्या स्लाइड्स बघाव्या लागतात. डॉक्टर इथल्या हॉस्पिटलात मोठे कन्सल्टंट, मी तिथेच फार्मसीत. दरवर्षी ते केनियातल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात पंधरा दिवस फुकट सेवा करतात आणि उरलेले साडेअकरा महिने आम्हाला ती ऐकवतात. अंगात तिथला रंगीबेरंगी शर्ट, दर वाक्याआधी ‘बेसिकली’ आणि नेमक्या जागी चष्मा काढून डोळे पुसणं.

गेल्या वर्षी पडद्यावर एक सिस्टर होती. “बेसिकली, अख्खा दवाखाना दोन नर्स चालवतात. त्यातली ही थोरली!” आम्ही टाळ्या वाजवल्या.

उन्हाळ्यात तीच सिस्टर माझ्या खिडकीशी औषधं न्यायला उभी. डॉक्टरांच्याच वॉर्डवर लागली होती, डॉक्टरांच्याच शिफारशीने.

यंदा पुन्हा तोच दवाखाना. “बेसिकली, आता एकच नर्स उरलीय हो! बाळंतिणी ताटकळतात,” म्हणत त्यांनी चष्मा काढला. फराळाच्या टेबलाकडे लागलेली नजर पडद्याकडे वळवून सगळे हळहळले.

मला राहवेना. “डॉक्टर, दुसरीला तर तुम्हीच इथे आणलंत ना?”

“मग! फार हुशार मुलगी,” ते कौतुकाने म्हणाले आणि त्यांनी पुढची स्लाइड लावली. पडद्यावर पांढऱ्या गणवेशातली एक बाई दमून हसत होती.

“ही ती उरलेली. हीसुद्धा गुणी आहे. बेसिकली, पुढच्या वर्षी हिचंही इथे जमवून टाकतो.”