बटण नसलेलं रडार

या, अशा जवळ येऊन बसा. दारातूनच "मावशी, बरी आहेस ना?" विचारायचं आणि निघायचं, ही काय रीत झाली? बसलात म्हणून आमच्या भाऊजींचं सांगते. माझे धाकटे दीर. सारं मोताळा गाव त्यांना रडारवाले म्हणायचं. हा माणूस जेवताना एकदम ओरडायचा, "थांबा!" आपण घास हातात धरून थांबायचं. ते सगळ्यांकडे एकवार पाहायचे नि म्हणायचे, "हं, चालू द्या."

सवय नोकरीतली. हवाई दलात ते नव्या पोरांना रडार शिकवत. रोज खरी विमानं कुठून आणणार? म्हणून कपाटाएवढा कॉम्प्युटर होता. तो अँटेना फिरल्याचं सोंग करायचा आणि पडद्यावर खोट्या विमानांचे ठिपके दाखवायचा. पोरगं चुकलं, की भाऊजी बटण दाबायचे. ठिपके जागीच थांबायचे. चूक समजावली, की पुढे चालू.

मला काही उमगेना, तेव्हा त्यांनी जात्यावर दाखवलं. मी जातं फिरवायचं. खुंटा म्हणजे अँटेना. भोवती सरकीचे दाणे, ती विमानं. खुंटा ज्या बाजूला, तेवढंच त्यांनी पाहायचं आणि विमान कुठल्या दिशेला ते सांगायचं. तो पलीकडे गेला, की मी डाव्या हाताने दाणा सरकवायचा.

"हळू नोका करू, वयनी. अँटेना फिरून आली का ठिपका तिथं पाह्यजे. उशीर झाला का सोंग उघडं पडते."

सासूबाई करवादायच्या, "रिकामं जातं फिरवतेत काय बे कोनी?" आणि मूठभर ज्वारी ओतून जायच्या. आमचं रडार पीठ पाडायचं!

मग लढाई लागली. भाऊजी रजेवर होते; तार आली. शिकवायच्या शाळेत नाही, सरहद्दीवरच्या खऱ्या रडारवर बोलावलं. सासूबाई शेगावला नवस बोलल्या. भाऊजी हसून म्हणाले, "मले काय, खुर्चीवर बसाचं काम!"

निघायच्या आदल्या दिवशी, ऊन उतरताना म्हणाले, "वयनी, एक डाव मांडा. जोरात फिरवा." दोन्हीकडून दाणे सरकवत गेले मी. त्यांची नजर गोंधळली. "थांबा!" माझा हात सवयीने थांबला. पण भाऊजीच पांढरेफटक पडले.

"तिथं कोन थांबवीन, वयनी? तिथल्या रडारले ते बटनच नाही. माहा हात बटन शोधत राहीन, विमान डोक्यावर येईन, आन् खाली आपलेच पोरं..."

मी दाणे पुन्हा मांडले नि म्हटलं, "बसा. आता काही म्हना, मी थांबत नाही."

दोनदा ओरडले ते. मी दात आवळून फिरवत राहिले. सासूबाई तोंडाला पदर लावून उभ्या. तिसऱ्यांदा भाऊजी ओरडले नाहीत. घामाने निथळत नुसत्या दिशा सांगत राहिले. "उत्तर... जवळ आलं... पूर्व..."

लढाई संपली, भाऊजी परतले. लोक विचारायचे, "किती विमानं पाडले?" ते हसून टाळायचे. मला मात्र चुलीपाशी म्हणाले, "हात बटन शोधाले गेलाच, वयनी. हाताखाली नुसता टेबल लागला. लय भेव वाटलं. पन तोंडानं दिशा सांगत गेलो. पोरं वाचले."

भाऊजींना जाऊन बरीच वर्षं झाली. पुढच्या आठवड्यात बुलढाण्याला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? तिथंही मधेच थांबवायचं बटण नाही. तरी जाणार आहे मी. पण त्याआधी लवकर या एकदा, आणि दारातून परतू नका.