मामाजींनी गाडी धुतली

दवाखान्यात बसूनच लिहिते.

सकाळी वरठी रोडवर एक पिकअपवाला माझ्या नवऱ्याला उडवून पळाला. पाय मोडला, जीव वाचला. त्यांची मोटारसायकल शेजाऱ्यांनी घरी नेली.

दवाखान्यात हवालदार म्हणाले, "पिकअपचा रंग गाडीले लागला असन, बाई. तोच पुरावा. कोणाले हात लावू देऊ नका."

मी लगेच सासऱ्यांना फोन लावला. मामाजी म्हणाले, "रक्ताची गाडी दारात ठेवत नाही, बाई. घासून धुतली. लिंबूही उतरवला."

पाठोपाठ त्यांनी फोटो पाठवला. गाडी चकाचक, हँडलला झेंडूचा हार.

त्या पळालेल्याची एकच खूण होती, ती आम्हीच घासून काढली. सत्तरीच्या म्हाताऱ्यावर ओरडू तरी कशी?

तुमच्या घरी रक्त धुवायच्या आधी कोणी फोटो काढला असता का? खरं सांगा.